सिग्नलपर्यंत साहेब

संध्याकाळच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी गोदामप्रमुख उभे राहिले ते बसेचनात. शिकवायला आत आलेला माणूस त्यांचाच हिशेबनीस होता. सकाळी ज्याला त्यांनी पंपाच्या वॉशरचं एक पाकीट कमी भरलं म्हणून झापलं होतं, तोच हातात खडू घेऊन फळ्यापाशी आला आणि शेवटच्या बाकाकडे नजर जाताच सवयीनं ताठ झाला. साहेबांना ‘बसा’ म्हणायचं कसं, म्हणून सरांच्या तोंडून शब्द फुटेना. सरांनी सांगितल्याशिवाय बसायचं कसं, म्हणून साहेब बसेनात. या दोघांच्या भिडेपायी अख्खा वर्ग बराच वेळ उभा राहिला.

प्रमुखांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा कॉलेज गाठलं होतं ते हौसेनं नव्हे. मालकांच्या मुलानं कारभार हातात घेतल्या घेतल्या नियम काढला होता, पदवी नाही तर पद कायम नाही. तरुणपणी प्रमुखांचा संख्याशास्त्र हा एकच विषय राहिला होता आणि पदवी तिथेच अडकून पडली होती. यंदा तो सुटला नाही, तर गोदामातली खुर्ची जाणार होती.

“दोन डबे देते,” बायको म्हणाली. “एकाच डब्यात साहेबाचं आणि विद्यार्थ्याचं भागायचं नाही.”

त्यात कॉलेजला जायचं तर हिशेबनिसाच्या स्कूटरवरूनच. दोघांनी न बोलता वाटणी करून टाकली. सिग्नलपर्यंत मागे बसलेले साहेब होते आणि सिग्नल ओलांडला की पुढे बसलेले सर.

“साठ्याचा रिपोर्ट कुठाय?” सिग्नलच्या अलीकडे मागून प्रश्न यायचा.

“उद्या देतो, साहेब. काल तासाची तयारी करत बसलो होतो.”

दिवा हिरवा व्हायचा.

“गृहपाठ झाला का?” आता पुढून प्रश्न.

“उद्या देतो, सर. तुमचा रिपोर्ट मीच पुरा करत बसलो होतो.”

दिवा लाल असला की मात्र पंचाईत. त्या वेळी कोण कोणाचा वरिष्ठ हे ठरलेलं नव्हतं. मग दोघंही शेजारच्या बसवरची जाहिरात वाचत राहायचे.

परीक्षा झाली. एके दुपारी प्रमुख गोदामात फेरी मारत असताना पाइपांच्या मांडणीमागे त्यांना हिशेबनीस दिसला. मांडीवर गठ्ठा, हातात लाल पेन.

“कामाच्या वेळात हे काय चाललंय?” प्रमुख गरजले.

“पेपर तपासतोय, साहेब.”

“कोणाचा?”

“सध्या तुमचा.”

ओरडावं तर आपल्याच निकालाला उशीर, न ओरडावं तर गोदामाची शिस्त गेली. दोन्हीच्या मधला काही आवाज असतो का, ते प्रमुखांना सुचेना.

“किती पडलेत?” त्यांनी शेवटी हळूच विचारलं.

“एकतीस. पस्तीस लागतात.” हिशेबनिसानं पेनला टोपण लावलं. “पण आपण गोदामात आहोत. इथं तुम्ही म्हणाल तसं.”

नुसता एक शब्द टाकला की खुर्ची कायम. प्रमुखांना मोह झाला, चांगलाच झाला. पण वॉशरच्या एका पाकिटासाठी ज्याचा आपण चारचौघांत पाणउतारा केला, त्याच्याकडून चार मार्क कोणत्या तोंडानं मागायचे?

“हे गोदामात करायचं काम नाही,” ते म्हणाले. “कॉलेजात नेऊन पुन्हा नीट तपासा. जे पडतील ते पडतील.”

आपण फार मोठं मन दाखवलं, या आनंदात त्यांचा उरलेला दिवस बरा गेला. मनाच्या एका कोपऱ्यात असंही होतं, की असल्या मोठेपणाचे चार मार्क सर कुठेतरी धरतीलच.

संध्याकाळी कॉलेजच्या व्हरांड्यात सरांनी त्यांना गाठलं.

“पुन्हा तपासला. एकोणतीस.”

“दुपारी एकतीस होते की, सर.”

“दोन तुमच्या धाकानं पडले होते. इथं तुमचा धाक नाही ना.”

निकाल लागताच मालकांच्या मुलानं हुकूम सोडला, गोदामात पदवीवाला जो कोणी असेल त्याला खुर्चीत बसवा. पदवीवाला एकच होता. हिशेबनिसाचा चेहरा उतरला.

“साहेब, मी हे मागितलं नव्हतं. लोक म्हणतील, खुर्चीसाठी नापास केलं.”

“म्हणतीलच. आमची बायको कालच म्हणाली.”

प्रमुखांना कोणावर तरी रागवायचं फार मनात होतं, पण कोणावर ते कळेना. हिशेबनीस तर अगदी त्यांनी सांगितल्याबरहुकूम वागला होता. वाईट मात्र वाटलं. एकच आशा होती. फेरपरीक्षा जवळ आली होती, आणि तीत पास झाल्यास खुर्ची परत मिळेल, असं मालकांच्या मुलानं कबूल केलं होतं. या वेळी एकही तास चुकवायचा नाही, असा त्यांनी निश्चय केला.

पहिल्याच संध्याकाळी पिशवीत वही घालून ते आपल्या जुन्या खुर्चीसमोर उभे राहिले. नवे प्रमुख आवक-जावकेच्या कागदांत मान खुपसून बसले होते. तीन ट्रक दारात उभे होते.

“निघू का, सर? फेरपरीक्षेचा तास आहे.”

“जाऊन काय करणार?” नवे प्रमुख मान वर न करता म्हणाले. “सर आज गोदामातून सुटत नाहीत.”