दिवसाढवळ्या गोष्ट सांगण्याबाबत

संस्कृती टिकवायची असेल तर आधी तिला बसायला खुर्ची द्यावी लागते, आणि खुर्च्या मांडायच्या म्हटल्या की समिती लागते. हा नियम जगात सगळीकडे सारखाच आहे. डोमिनिका बेटावरच्या आन्स गोमिये या गावाने तो जरा जास्त मनावर घेतला, इतकंच. गावाची लोकसंख्या चारशे बारा आणि 'शब्द, गोष्ट व गाणं महोत्सवा'च्या समितीचे सदस्य एकोणचाळीस. (उरलेले तीनशे त्र्याहत्तर हे 'विशेष निमंत्रित'.)

समितीचे चिटणीस श्री. सेप्टिमस लारोंद हे निवृत्त आरोग्य निरीक्षक. एकतीस वर्षं त्यांनी गावातले संडास मोजले, तपासले आणि वहीत उतरवले. माणूस खोटं बोलतो, वही बोलत नाही, हे त्यांचं जीवनसूत्र. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी संस्कृती हाती घेतली. महोत्सव त्यांचा जीव की प्राण होता. चार वर्षांत त्यांनी एकशे सहा सभा घेतल्या आणि एकाही सभेचं इतिवृत्त अपुरं ठेवलं नाही.

त्यांची आई, मा झेनोबी, वय वर्षं एकोणनव्वद, गावामागच्या टेकडीवर एकटी राहत असे. चालत पंचवीस मिनिटं. महोत्सवाच्या मांडवातून तिच्या घराचं लाल छप्पर स्वच्छ दिसायचं. चिटणीस आईला विसरले होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांच्या खासगी वहीत 'आईकडे जाणे' हा विषय क्रमांक एकलाच होता. फक्त तो गेले सात महिने वेळेअभावी पुढे ढकलला जात होता. वेळ मिळणार तरी कसा? ते यंदा मातृभाषा उपसमितीचेही निमंत्रक होते.

फेब्रुवारीत राजधानीहून पत्र आलं. तीन जणांचं पाहणी पथक शनिवारी सकाळी अकराला येईल, दोनला परत निघेल. (नदीवरचा पूल वाहून गेल्यापासून सरकारी गाडी उजेडातच नदी ओलांडते.) 'जिवंत श्रोत्यांसमोर पारंपरिक कथाकथन' पथकाच्या डोळ्यांनी पाहिलं गेलं, तर महोत्सव राष्ट्रीय यादीत जाईल. नाहीतर ती जागा शेजारच्या बेल एतांग गावाला मिळेल. बेल एतांगवाले यंदा दोन माइक आणणार होते. ही बातमी कळल्यापासून चिटणीसांना अन्न गोड लागत नव्हतं.

कथाकथन करणारा गावात एकच माणूस होता. तोंतोन एवारिस्त. खरा काका कोणाचाच नाही, पण सगळं गाव त्याला तोंतोन म्हणजे काकाच म्हणायचं. चिटणीस पत्र घेऊन त्याच्याकडे गेले तेव्हा तो दारात बसून मासे साफ करत होता.

"दुपारी बाराला?" तोंतोनची सुरी थांबली. "सेप्टिमस, ऊन लागलंय का रे तुला? जा, नारळपाणी पी आधी."

"सरकारी वेळ आहे, तोंतोन."

"सरकारला आई नाही का?"

(हा प्रश्न पुढे सभेत रीतसर मांडण्यात आला. उत्तर अद्याप आलेलं नाही.)

अडचण अशी होती. आन्स गोमियेमध्ये गोष्ट सूर्य बुडाल्यावरच सांगतात. दिवसाढवळ्या जो गोष्ट सांगेल त्याच्या आईची टोपली होते. टोपली म्हणजे साधी वेताची टोपली, भाजी आणायची. का होते, कशी होते, झाकणाची की बिनझाकणाची, याबद्दल जुनी माणसं बोलत नाहीत, पण होते.

"माझं सोड," तोंतोन म्हणाला. "माझी आई जाऊन चार वर्षं झाली. टोपली व्हायला ती आहे कुठे? झाली आणि घरी आली तरी चालेल मला, टोपली तर टोपली. पण मी 'क्रिक' म्हटलं की समोरून 'क्राक' यावं लागतं. क्राक आल्याशिवाय गोष्टीचं पाऊल पुढे पडत नाही. आणि क्राक देणारा गोष्टीतला भागीदार, त्याच्याही आईवर बेततं. तर तुमच्यापैकी क्राक कोण देणार ते ठरवा. तीनदा क्रिक म्हणेन. तिन्ही वेळा कोणी बोललं नाही तर मी खाली उतरेन, आणि या गावात पुन्हा तोंड उघडणार नाही. माझ्या गुरूने घालून दिलेला नियम आहे."

अशा वेळी मागासलेलं गाव घाबरलं असतं. आन्स गोमियेने उपसमिती नेमली.

"आपण एकविसाव्या शतकात आहोत," अध्यक्षा मिस इर्मीन टेबलावर हात आपटून म्हणाल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. "टोपली! काय हा अडाणीपणा! ...बरं, माझी आई चौऱ्याण्णव वर्षांची आहे, तेव्हा क्राक देणाऱ्यांत माझं नाव नको. तब्येतीच्या कारणास्तव, असं लिहा."

चिटणीसांनी लिहिलं. मग अडतीस सदस्यांनी आपापली तब्येतीची कारणं दिली, तीही लिहिली.

उपसमितीने नऊ दिवसांत अहवाल दिला. १९५१पासून गावात टोपली झालेल्या मातांची नोंद: शून्य. (मृत्युनोंदवहीत तसा रकानाच नाही, त्यामुळे हा आकडा सावधपणे वापरावा.) गावातल्या टोपल्यांची घरोघर फिरून शिरगणती केली असता एकूण टोपल्या तीनशे शहाऐंशी. पैकी कोणी विणली, कोठून आणली हे सांगता आलं अशा तीनशे बाहत्तर. राहिल्या चौदा. या चौदा टोपल्या घरात कशा आल्या हे कोणालाच सांगता येईना.

शेवटी संशयाचा फायदा टोपलीला द्यावा, असं एकमताने ठरलं. त्या चौदाही टोपल्यांना महोत्सवाचं निमंत्रण गेलं आणि पहिल्या रांगेत, सावलीच्या बाजूला, खुर्च्या राखून ठेवण्यात आल्या. त्यांत बटाटे ठेवायला बंदी झाली.

क्राकचा प्रश्नही चिटणीसांनी सोडवला. वहीप्रमाणे तोंतोन सोडून गावात आई हयात नसलेले एकसष्ट लोक होते. त्यांना दुसऱ्या रांगेपासून बसवायचं आणि क्राक त्यांनीच द्यायचा. चिटणीसांनी त्यांच्याकडून तीन संध्याकाळी सराव करून घेतला. उरलेल्या गावाने कथेच्या वेळी तोंडावर हात ठेवायचा होता.

योजनेत खोट काढायला जागा नव्हती. म्हणूनच ती फसली.

शनिवारी पथक आलं. प्रमुख बाईंचं नाव मिसेस प्रॉस्पर. खुर्च्यांवर बसवलेल्या चौदा टोपल्या पाहून त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "वा, हस्तकलेचा विभाग फारच सुरेख मांडलाय." त्यांनी एक उचलून उलटी करून पाहिली तेव्हा मांडवातल्या दोन बायकांनी डोळे मिटून घेतले.

पुढे मातृभाषेवर सात भाषणं झाली. गावाची मातृभाषा क्वेयोल. भाषणं इंग्रजीत झाली, कारण विषय गंभीर होता. 'आईच्या दुधाबरोबर जी भाषा आपण प्यालो' हे वाक्य सातांपैकी सहांमध्ये आलं. (सातव्या वक्त्याची पानं उडाली.) मग अकॉर्डियनवाल्यांनी गाणी वाजवली, मग गोष्टीआधी जेवण उरकण्यात आलं: भाजलेलं ब्रेडफ्रूट, खारा मासा आणि वर केळ्याची भजी.

आता आई नसलेली माणसं ही साधारणपणे वयस्कर असतात. सत्तरीच्या पुढच्या माणसाला सात भाषणं ऐकवून वर ब्रेडफ्रूट वाढलं तर काय होतं, याची नोंद समितीकडे नव्हती. आता आहे. बारा वाजून वीस मिनिटांनी एकसष्टपैकी एकसष्ट गाढ झोपले होते.

तोंतोन एवारिस्त इस्त्रीचा सदरा घालून मंचावर आला. मागच्या तीनशे माणसांनी शिस्तीत तोंडावर हात ठेवले.

"क्रिक!" तोंतोन म्हणाला.

कोणीतरी घोरलं.

"क्रिक!"

मिसेस प्रॉस्पर यांनी घड्याळ पाहिलं, शेजाऱ्याच्या कानात काही सांगितलं आणि लेखणीचं टोपण काढलं. मिस इर्मीन छताकडे बघू लागल्या. चिटणीस माइकपाशी उभे होते, पाचावर धारण बसलेली. समोर चार वर्षं होती, एकशे सहा सभा होत्या, बेल एतांगचे दोन माइक होते. आणि मांडवाच्या कनातीवरून ते लाल छप्परही दिसत होतं.

तोंतोनने चिटणीसांकडे पाहिलं. त्याने दम घेतला. "क्रिक!"

"क्राक," चिटणीस म्हणाले.

माइक चालू होता. तो क्राक कर्ण्यातून निघाला, टेकडीवर आदळला आणि परत आला. आपण काय केलं हे चिटणीसांना तेव्हा कळलं, पण इतिवृत्तात एकदा गेलेलं वाक्य मागे घेता येत नाही.

तोंतोनने गोष्ट सुरू केली. एका खेकड्याने समुद्रावर फिर्याद लावली, की हा माझ्या पावलांचे ठसे रोज चोरतो. न्यायाधीश पेलिकन. पेलिकनने साक्षीदार बोलावले आणि जो जो साक्षीदार आला त्याला साक्ष झाल्यावर गिळला. गोष्ट मध्येच थांबे, तोंतोन क्रिक म्हणे आणि चिटणीस एकटेच, रडवेल्या आवाजात, क्राक देत. पहिले तीन क्राक त्यांनी एकट्याने दिले. चौथ्याला मागून एक पोरगी ओरडली. सहाव्याला अर्धा मांडव. पेलिकनच्या पोटातून साक्षीदारांनी अपील केलं तेव्हा तीनशे माणसं तोंडावरचे हात काढून, मांड्यांवर थापा मारत क्राक देत होती आणि त्यांत मिस इर्मीनचा आवाज सगळ्यांत वर होता. गोष्टच तशी होती. असली गोष्ट ऐकताना माणसाला आई आठवत नाही, हेच तर तिचं मोठेपण.

गोष्ट संपली. टाळ्या वाजायला हव्या होत्या. त्याऐवजी तीनशे माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

आधी कोण उठलं याबद्दल अहवालात मतभेद आहेत. वस्तुस्थिती अशी की दीड मिनिटात मांडव रिकामा झाला. लोक गल्ल्यांतून, शेतांतून, एक जण होडीतून, आपापल्या आईच्या घराकडे पळत सुटले. मिस इर्मीन यांनी बूट हातात घेतले होते.

चिटणीस सर्वांत पुढे होते. वय पासष्ट; पंचवीस मिनिटांची चढण त्यांनी अकरा मिनिटांत कापली. घर उघडं. ओसरीवर आईची झुलती खुर्ची. खुर्चीत आई नव्हती.

खुर्चीत टोपली होती.

चिटणीस गुडघ्यांवर आले. त्यांनी टोपलीचे दोन्ही कान धरले. "मा," ते म्हणाले, "चुकलं माझं. येणार होतो गं. विषय क्रमांक एकवर होतीस तू, शपथ. राष्ट्रीय यादीपायी मी... मा, तू ऐकतेस ना? तुला मी उन्हात नाही ठेवणार. तुझ्यात काही भरू देणार नाही कोणाला." आणि आरोग्य खात्याचा तो निवृत्त निरीक्षक टोपलीत तोंड घालून हमसून हमसून रडला.

"अंडी फुटतील."

मा झेनोबी कोंबड्यांच्या खुराड्याकडून, हातात आणखी दोन अंडी घेऊन, काठी टेकत येत होती.

"सात महिने माझ्याशी बोलायला वेळ नव्हता," ती म्हणाली, "आणि टोपलीशी बरा बोलतोस रे. ऊठ. कोण मेलं?"

कोणी मेलं नव्हतं. त्या दुपारी गावातल्या एकूण एक मातांनी दार उघडताच हाच प्रश्न विचारल्याचं पुढे चौकशीत आढळून आलं. चिटणीसांनी ते लिहून घेतलं, पण सोमवारी. शनिवार आणि रविवार ते टेकडीवरच होते. आईने त्यांना खुराड्याचं दार दुरुस्त करायला लावलं आणि दुरुस्ती बरोबर झाली नाही म्हणून दोनदा काढायला लावलं.

इकडे मांडवात एकसष्ट जण झोपलेले होते, चौदा टोपल्या होत्या आणि पथक होतं. तोंतोन एवारिस्त मंचाच्या कडेला पाय सोडून बसला होता.

"तुम्ही नाही गेलात?" मिसेस प्रॉस्पर यांनी विचारलं.

"मला सूट आहे," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने पहिल्या रांगेतली एक टोपली उचलून शेजारी ठेवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "बरी झाली ना गोष्ट?"

महोत्सव राष्ट्रीय यादीत गेला. 'कथेचा श्रोत्यांवर होणारा तात्काळ परिणाम अन्यत्र आढळला नाही,' असा पथकाचा शेरा आहे. एकही माता टोपली झाली नसल्याचं समितीने प्रसिद्ध केलं आहे. सुज्ञ वाचकाला ते आधीपासूनच ठाऊक होतं आणि आन्स गोमियेच्या भाबड्या लोकांना तो मघापासून हसतही असेल. हसायला हरकत नाही. नोंदीखातर एवढंच, की त्या भाबड्या लोकांपैकी ज्यांना सूट नव्हती ते गोष्ट संपल्यावर दीड मिनिटही जागेवर बसले नाहीत. सुज्ञ वाचक अजून बसलेला आहे.