दोनशे अकरा सारखे चेहरे

हर्नानी सरांच्या घरच्या कॉम्प्युटरला आठ वर्षांत कुणी फॉरमॅट मारला नव्हता, आणि ही गोष्ट ते अशा थाटात सांगत, जशी काही माणसं आजवर दवाखान्याची पायरी चढलो नाही म्हणून सांगतात!

"रोजची झाडलोट! बस्स!" फिलिपिन्समधल्या गुइमारास बेटावरच्या त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये टेबलावर थाप मारून ते म्हणत. "साफसफाईचे प्रोग्राम आहेत कशाला? दाढ दुखली म्हणून कुणी मुंडकं बदलतं का?"

हा टोला मॅम फ्लोर यांना असे. त्या कॉम्प्युटर शिकवत आणि दर सहा महिन्यांनी, दिवाळखोराचं दुकान रिकामं करावं तसा, आपल्या लॅबमधला एकूण एक कॉम्प्युटर पुसून सगळं नव्यानं टाकत.

"सर, तुम्ही घर झाडत नाही," त्या शांतपणे चहात बिस्कीट बुडवत म्हणत. "तुम्ही नुसते झाडू गोळा करता."

ही लढाई सहा वर्षं चालू होती. तिला खरं रणांगण मिळालं ते मार्चमधल्या एका शुक्रवारी.

ऑफिसातला कॉम्प्युटर अगदीच रुसून बसला होता. ऑफिस सांभाळणाऱ्या लुदिंगबाई, म्हणजे सगळ्या शाळेच्या मनांग लुदिंग, लुदिंगताई, या सकाळी बटण दाबायच्या, फुलझाडांना पाणी घालायच्या, कोंबड्यांना हाकलायच्या, आणि परत येऊन पाहायच्या तर पडद्यावर अजून ते गोल-गोल फिरतंच आहे! एरवी हे चालून गेलं असतं. पण त्याच कॉम्प्युटरात बारावीच्या स्मरणिकेचे फोटो होते. दोनशे चौदा मुलं, काळा झगा, चौकोनी टोपी, मागे निळा पडदा. आणि हे सगळं पेन ड्राइव्हवर घालून दुपारी तीनच्या बोटीने पलीकडे इलोइलोला छापखान्यात जायचं होतं.

"माझ्याकडे सोपवा," हर्नानी सर म्हणाले.

"फॉरमॅट मारा," मॅम फ्लोर म्हणाल्या.

प्राचार्या मॅम सोकोरो यांनी दोघांकडे पाहिलं. तीस वर्षं शाळा चालवलेल्या बाई त्या. भांडणं मिटवण्यापेक्षा ती रांगेत उभी करणं त्यांना जास्त जमे. "दुपारच्या जेवणापर्यंत सर. नाहीच जमलं तर मॅम फ्लोर. आणि सर, फोटोंना हात लावायचा नाही!"

"हात? छे हो!" सर म्हणाले.

दहा वाजता सरांनी बाह्या सरसावल्या. पहिला प्रोग्राम टाकला. त्याने एक मिनिट तपासणी केली आणि लालभडक अक्षरांत जाहीर केलं: चार हजार तीनशे बारा दोष! सरांचा चेहरा आनंदाने फुलला. रोग मोठा निघाला की डॉक्टरला कसं बरं वाटतं! मात्र त्यातले अकराशेच दोष हा प्रोग्राम काढणार होता. उरलेल्यांसाठी त्याने आपल्या एका भावंडाची शिफारस केली. सरांनी भावंडालाही बोलावलं. भावंडाने येताच पहिलं काम काय केलं, तर थोरल्याला कचरा ठरवलं! थोरल्याने धाकट्याला विषाणू म्हटलं. मध्यस्थी करायला सरांनी तिसरा आणला.

साडेअकरापर्यंत त्या बिचाऱ्या यंत्रात सात झाडूवाले शिरले होते आणि सातही जण एकमेकांच्या अंगावर केर लोटत होते. यंत्र जेट विमानासारखं घोंघावू लागलं. मनांग लुदिंगनी हळूच आपली खुर्ची भिंतीकडे सरकवली.

"सर, तो पेटणार तर नाही ना?"

"मनांग, ताप उतरण्याआधी चढतोच!"

तेवढ्यात सातव्याने अदबीने एक चौकट पुढे केली. 'एकसारखे दिसणारे फोटो: २११. विनाकारण जागा अडवत आहेत. काढू का?'

सरांनी मान वाकडी करून पाहिलं. चष्मा डोक्यावर होता, आणि पडद्यावर नखाएवढी चित्रं. काळा झगा, चौकोनी टोपी, निळा पडदा, हसू. काळा झगा, चौकोनी टोपी, निळा पडदा, हसू. मनांग लुदिंग साधं रजेचं पत्रसुद्धा चार-चार ठिकाणी ठेवून देत, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. 'या बाईने एकच फोटो दोनशे वेळा चिकटवलाय!' सर मनात म्हणाले. फोटोंना हात लावायचा नाही, हे त्यांना आठवलं नाही असं नाही. पण हा हात थोडाच होता? हे बोट होतं.

बोट पडलं.

आणि काय सांगावं! घोंघाट थांबला. सरांनी ते सातही प्रोग्राम काढून टाकले, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, आणि मॅम सोकोरो घड्याळ धरून मागे उभ्या राहिल्या. चाळीस सेकंद! अख्ख्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. मनांग लुदिंग छातीवर क्रूसाची खूण करत, येशू-मारिया-योसेफ यांचं नाव एका दमात घेत म्हणाल्या, "सुसमारियोसेप, हा तर माझ्यापेक्षा आधी उठला!" मॅम फ्लोरनीसुद्धा, आंबट कैरी चावल्यासारखा चेहरा करून का होईना, दोन टाळ्या वाजवल्या.

सगळे जेवायला गेले. सर मागे राहिले. जिंकलेला माणूस लगेच जेवायला जात नाही. तो थोडा वेळ आपल्या विजयाकडे बघत बसतो. फोटोंचं फोल्डर किती झटकन उघडतं, ते बघावं म्हणून त्यांनी ते उघडलं.

खरोखरच झटकन उघडलं. आत तीन फोटो होते.

सरांनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. तीनच. त्यांनी कचरापेटी उघडली. रिकामी! सातवा झाडूवाला मोठा टापटिपीचा होता, जाताना कचरापेटीही धुऊन गेला होता. बरं, मूळ फोटो कॅमेऱ्याच्या कार्डात असतील म्हणावं, तर फोटो काढले होते स्वतः हर्नानी सरांनी, आणि कार्ड त्याच संध्याकाळी स्वच्छ पुसून ठेवलं होतं त्यांनीच. तत्त्व म्हणून!

त्यांच्या कानांत घुईंऽऽ असा आवाज सुरू झाला. या वेळी कॉम्प्युटर मात्र शांत होता.

पुसलेल्या गोष्टी कधीकधी परत मिळतात, हे सरांना माहीत होतं. यंत्राला अजिबात हात न लावता जाणकार माणसाला बोलवायचं. पण सबंध बेटावर असा जाणकार माणूस त्यांच्या ओळखीचा एकच होता, आणि तो या क्षणी कँटीनमध्ये तळलेला मासा खात बसला होता. मॅम फ्लोरकडे जायचं? आणि काय सांगायचं? 'मॅम, मी बारावीची मुलं झाडून टाकली'?

मग त्यांच्या डोक्यात एक विचार आला. इतका हलकट विचार, की तो आपल्याला सुचला याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. नव्यानं सगळं टाकायचं म्हणजे आधी सगळं पुसायचं. आणि एकदा सगळंच पुसलं गेलं, की कुणी काय पुसलं हे कोण विचारतो?

ते कँटीनमध्ये जाऊन उभे राहिले. "मॅम फ्लोर, मी विचार केला. तुमचंच खरं आहे. फॉरमॅट मारा."

चमचे थांबले. पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला.

"पण सर, चाळीस सेकंदांत उघडतोय की तो!" मॅम सोकोरो म्हणाल्या.

"वरवरचं आहे हो ते, मॅम! नुसता मेकअप! आतून पार कुजलाय. झाडलोटीनं काय होतं? चार दिवसांनी पुन्हा जैसे थे!" सहा वर्षं ऐकलेलं मॅम फ्लोरचं सगळं भाषण सरांनी पाठ म्हणून दाखवलं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना पहिल्यांदाच पटल्यासारखं वाटलं.

मॅम फ्लोरनी काटा खाली ठेवला. त्यांचे डोळे पाणावले होते. "सर, एवढा मोठेपणा... मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं."

सरांनी मान खाली घातली. बघणाऱ्यांना तो विनय वाटला.

मॅम फ्लोर पक्क्या शिस्तीच्या. पुसण्याआधी फोटोंची नक्कल घ्यायची म्हणून त्यांनी पेन ड्राइव्ह लावला. सर पुढे झाले. "द्या इकडे, मी करतो." फोल्डर ओढलं, सोडलं, झालं.

"अरे वा! एवढ्यात झालंसुद्धा?"

"हं," सर म्हणाले. "झाडलोटीचा गुण."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

सव्वादोनला नवाकोरा कॉम्प्युटर उघडला. वीस सेकंद! फक्त तो आता प्रिंटरला ओळखत नव्हता, आणि मनांग लुदिंगनी दहा वर्षं जमवलेले दाखल्यांचे नमुने मॅम फ्लोरच्या दुसऱ्या पेन ड्राइव्हवर कुठेतरी होते.

"पळतोय छान," मनांग म्हणाल्या. "पण पळतोय कुठे?"

अडीच वाजता मॅम फ्लोरनी फोटोंचा पेन ड्राइव्ह लावला. निघण्याआधी एकदा मोजून घ्यावेत, एवढंच. त्यांनी फोल्डर उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. काढून फुंकर मारली, परत लावलं. मनांग लुदिंगनी त्यांना पाण्याचा ग्लास आणून दिला.

"तीन," मॅम फ्लोर म्हणाल्या. "तीनच आलेत. मी मोजले नाहीत. पुसण्याआधी मी मोजायला हवे होते."

मॅम सोकोरो आत आल्या, पडद्याकडे पाहिलं आणि हळूच खुर्चीवर टेकल्या. बाहेर मैदानात मुलं पदवीदानाच्या कूचचा सराव करत होती. ढोल वाजत होता.

सर खिडकीशी उभे होते. त्यांना फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहणं ही काही अवघड गोष्ट नाही; त्यांच्या वर्गातली निम्मी मुलं वर्षभर तेच करत.

मॅम फ्लोरनी फोन उचलला आणि छापखान्याचा नंबर फिरवला. "मी फ्लोर्देलिसा बोलतेय, शाळेतून. आजच्या बोटीने काही येणार नाही. नाही, नाही, बोटीची चूक नाही. चूक माझी. मुलांचे फोटो माझ्या हातून..." आवाज फुटला. तरी त्यांनी फोन दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. "पालकांना मी स्वतः भेटून सांगेन."

"ठेवा तो फोन!" सर ओरडले.

सगळे वळले.

"त्यांनी काही केलं नाही. फोटो आधीच गेले होते. मी... म्हणजे बोटानं... ते सारखे दिसत होते हो!"

पुढची पाच मिनिटं सर बोलत होते आणि कुणीही मध्ये बोललं नाही, ही त्यांच्या नोकरीतली पहिलीच वेळ. सात झाडूवाले, नखाएवढी चित्रं, कँटीनमधलं भाषण, सगळं सांगून झालं.

"म्हणजे," मॅम फ्लोर सावकाश म्हणाल्या, "तो मोठेपणा..."

"पुरावा पुसायला होता."

"आणि तेव्हाच सांगितलं असतं तर मी बहुतेक फोटो परत काढून दिले असते."

"हो. तेही माहीत होतं."

आता त्या रडतील की पेन ड्राइव्ह फेकून मारतील, याचा अंदाज घेत मनांग लुदिंगनी पाण्याचा ग्लास जरा बाजूला सरकवला. पण त्या हसल्या. आधी नाकातल्या नाकात, मग टेबलाला धरून. "सारखे दिसत होते! सर, तुम्ही त्यांना दोन वर्षं गणित शिकवलंय!"

मॅम सोकोरो हसल्या नाहीत. छापखान्याने सोमवारची सकाळ दिली होती. "उद्या शनिवार," त्या म्हणाल्या. "मुलं मी बोलावते. कॅमेरा तुमचा, सर."

भाड्याचे झगे केव्हाच परत गेले होते. स्टाफरूमच्या कपाटात एकच सापडला, सर्वांत मोठ्या मापाचा. शनिवारी सकाळी सातपासून आंब्याखाली निळा पडदा लागला आणि दोनशे अकरा मुलं रांगेत उभी राहिली. एकाने झगा उतरवायचा, दुसऱ्याने चढवायचा. मागे मॅम फ्लोर पिना लावत होत्या. ऊन असं, की टोपीत बिबिंका, तो तांदळाचा केक, भाजून निघाली असती.

"हसा!" सर म्हणत.

"सर, ओला लागतोय," मुलं म्हणत.

"हसा म्हटलं ना!"

वाचलेल्या तिघांपैकी एक होता बोनिंग, टुपासांचा मुलगा. सातव्या झाडूवाल्याने सबंध बारावीचा प्रतिनिधी म्हणून एकट्या त्याला ठेवलं होतं.

"सर, माझापण परत काढा ना. माझे डोळे मिटलेत त्यात."

"अजिबात नाही! तीनच फोटो वाचलेत, त्यातला तो एक!"

आणि उरलेल्या दोघी? जेस्सा मे आणि जेस्सा जॉय. जुळ्या! त्यांची सख्खी आई एकीला औषध देऊन दुसरीला झोपायला पाठवी. अख्ख्या शाळेत फक्त या दोघी त्या प्रोग्रामला एकमेकींपासून आणि बाकीच्या जगापासून अगदी वेगळ्या वाटल्या होत्या. सरांनी त्या दोघींकडे बराच वेळ पाहिलं, मग चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. काही उजेड पडला नाही.

चार वाजता दोनशे अकरावा मुलगा घरी गेला. मॅम फ्लोरनी कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं आणि फोटो मोजले. मग नक्कल केली. मग दुसऱ्या पेन ड्राइव्हवर नक्कल केली. मग तिसऱ्यावर.

सर बघत होते. त्यांच्या बोटांना बारीक खाज सुटली. "मॅम, हे तीनदा तेच ते झालं की. तिन्ही एकसारखेच आहेत, उगाच जागा..."

मॅम फ्लोरनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

सरांनी बोटं खिशात घातली.

"सर, तुम्हाला साफसफाईची फार आवड आहे ना?"

"म्हणजे... आहे तशी."

मॅम फ्लोरनी दोनशे अकरा मुलांच्या घामाने निथळणारा तो झगा खुर्चीवरून दोन बोटांनी उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

"मग हा घरी न्या. आणि हातानं धुवा, मशिनमध्ये नको!"