मालनबाईंचा बावीस वर्षांचा नवस

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायची तेवढी राहिली होती. योगेशने पेन उघडून आईच्या हातात दिलं, बोट ठेवून जागाही दाखवली. मालनबाईंनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि पेन डॉक्टरांच्या टेबलावर परत ठेवून दिलं.

"माझा एक नवस राह्यलाय," त्या म्हणाल्या. "तो फेडल्याबिगर मी टेबलावर झोपायची नाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. पित्ताशयात खडे, त्यातला एक नळीच्या तोंडाशी जाऊन बसलेला, बाईंचं वय शहात्तर. पंधरा दिवसांत ऑपरेशन झालं नाही तर जिवावर बेतेल, हे त्यांनी आत्ताच दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगितलं. मालनबाईंनी शहाण्यासारखी मान डोलावली.

"म्हनूनच तर. तशीच मेले तर वर काय तोंड दाखवू?"

"कसला नवस, आई?" योगेशने विचारलं.

"आपली शुभांगी सातव्या महिन्यात झाली. काचंच्या पेटीत ठिवली व्हती, तवा बोलले. पोर जगू दे म्हनून."

"अगं, पण बोललीस कुणाला?"

मालनबाई छताच्या पंख्याकडे बघत राहिल्या. "त्येच तर ध्यानात येईना."

आता बोला! योगेशची पोरगी शुभांगी बावीस वर्षांची घोडी झाली, नोकरीला लागली, गाडी चालवते, आणि नवस अजून उभाच. योगेश प्रेसमध्ये क्लार्क. नाशिक रोडच्या कॉलनीत राहायचा आणि स्वतःला आधुनिक विचारांचा समजायचा. 'आम्ही असलं काही मानत नाही' हे वाक्य तो महिन्यातून चारदा तरी म्हणायचा. पण प्रश्न आईच्या जिवाचा होता. घरी येताना रिक्षातच त्याने हिशेब मांडला: पंधरा दिवस हातात आहेत, आणि बाई माणूस बोलून बोलून बोलणार कुणाला? आपले देव ते किती!

त्याची बायको उज्वला म्हणाली, "सुरुवात कुलदैवतापासून करा. बाकीचे मग रागवत नाहीत."

म्हणून दोघं चंदनपुरीला गेले. खंडोबाची तळी भरली, भंडारा उधळला, पिवळेधमक होऊन संध्याकाळी घरी आले. मालनबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"फिटला, आई. आता सही कर."

मालनबाईंनी डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. मग म्हणाल्या, "ह्यो नव्हं."

"कशावरून?"

"मनाला कळतंय ना. इथं आत टोचतंय अजून."

"ते खडे टोचतायत!"

"खड्यांचं टोचनं येगळं," मालनबाई म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

मग वणीचा गड झाला. देवीला साडी, ओटी, सगळं रीतसर. ह्यो नव्हं. शिर्डी झाली. ह्यो नव्हं. त्र्यंबकला अभिषेक झाला. मालनबाईंनी या वेळी डोळेसुद्धा मिटले नाहीत, नुसती मान हलवली. तेवढ्यात गावाकडून त्यांच्या भावाचा, झिपरूमामाचा फोन आला. शिवेवरच्या म्हसोबाला तुम्ही लोक शहरात गेल्यापासून विसरलात, त्याचाच हा सगळा ताप आहे, असं मामाचं ठाम मत होतं. योगेश म्हसोबालाही जाऊन आला. मामाने येताना त्याच्या गळ्यात अर्धं पोतं कांदे मारले.

बातमी कॉलनीभर झाली. बायका आईला बघायला म्हणून यायच्या आणि जाताना आपापल्या देवाचं नाव सुचवून जायच्या. घरात नारळ झाले अठरा. उज्वलाने खोबऱ्याच्या वड्या केल्या, चटणी केली, गवारीत खोबरं, पोह्यांवर खोबरं. शुभांगी एक दिवस डबा उघडून म्हणाली, "मम्मी, माझ्या जन्माचा एवढा त्रास होईल असं वाटलं असतं तर मी त्या पेटीतच राहिले असते."

"गप्प बस, सटवे!" उज्वलाने तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग उगाचच तिला जवळ ओढलं. अकराशे ग्रॅमची होती पोरगी. तळहाताएवढी. ते दिवस उज्वलाला आठवायचेही नसायचे.

इकडे प्रेसमध्ये रजा संपत आल्या. योगेशचं टेबल सांभाळायचा धम्मपाल. एकोणीस वर्षं दोघं शेजारी बसत आले होते, राहायलाही धम्मपाल कॉलनीत पुढच्याच बिल्डिंगमध्ये.

"अजून किती देव शिल्लक, योगेश?" धम्मपालने विचारलं.

"काय सांगू यार. एक झाला की दुसरा निघतो."

"ये जाऊन. मी बघतो इथलं." धम्मपालने योगेशचे कागद आपल्याकडे ओढले. "आमच्यात बघ ही भानगडच नाही. बोलायचं नाही, फेडायचं नाही."

"मजा आहे तुमची," योगेश म्हणाला, आणि ते त्याला खरंच वाटत होतं.

बाराव्या दिवशी शेवटचा उपाय म्हणून तो पंचवटीत एका गुरुजींकडे गेला. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. असले लोक त्यांना नवे नसावेत.

"अज्ञात नवस," ते म्हणाले. "एकच संकल्प करू. ज्या कोणा देवतेस उद्देशून बोलला असेल, तीस हे पोचो. त्यात सगळे येतात."

"सगळे? नक्की?"

"एकही बाहेर राहत नाही."

आईने समोर बसायला हवं म्हणून मालनबाईंना रिक्षात घालून नेलं. पूजा झाली. प्रसादाचा शिरा आला, बोटांवरून तूप ओघळतंय असा. डॉक्टरांनी तूप बंद केलेलं; पण प्रसादाला नाही म्हणायचं कसं? मालनबाईंनी खाल्ला. आणि सगळ्या देवांना एकदम फेडून घरी आल्यावर तासाभरात त्या पोट धरून कळवळायला लागल्या.

डॉक्टरांचा फोन लागेना. शुभांगी चपला न घालता पळत गेली आणि पुढच्या बिल्डिंगमधून धम्मपालच्या बायकोला, रोहिणीला घेऊन आली. रोहिणी सरकारी दवाखान्यातून मागच्याच वर्षी सिस्टर म्हणून निवृत्त झाली होती. तिने नाडी बघितली, बीपी घेतलं, डॉक्टरांना फोन लावून लावून शेवटी गाठलं आणि त्यांना विचारून इंजेक्शन दिलं. दुखणं ओसरेपर्यंत मालनबाईंचा हात हातात धरून बसली. मग उठली, मोरीत हात धुतले.

"वहिनी, चहा घ्या ना," उज्वला म्हणाली.

"नको गं. तूप देऊ नका हो काकूंना. आणि तीन दिवसांच्या आत ऑपरेशन करा. मी गंमत करत नाहीये." एवढं बोलून ती गेली.

दार लागलं आणि मालनबाई रडायला लागल्या. मुसमुसून नाही, चांगल्या मोठ्याने.

"आई, दुखतंय का?"

"हीच ती," मालनबाई म्हणाल्या.

"कोण ती?"

"जिला बोलले ती."

योगेश हळूच म्हणाला, "आई, अगं ती माणूस आहे."

"मंग? तिथं देव व्हता कुठं? तीन रात्री पेटीपाशी हीच उभी व्हती." मालनबाईंनी पदराने नाक पुसलं. "तीन दिस माज्या पोटात अन्नाचा कन नव्हता. हिनं आपला डबा उघडून माज्याफुडं धरला. भाकर व्हती अन् पिठलं. मी म्हनले, मला उपास हाय. ती काय समजली नसंल? गुमान डबा झाकला अन् परत पेटीपाशी जाऊन उभी राह्यली. तवा मनात बोलले, पोर जगली तर हिच्या घरी जाऊन हिच्या हातचं पोटभर जेवीन."

"पेढे दिले होते की आपण तिला. मोठा बॉक्स."

"पेढं दिलं. तिच्या घरचं पानी पेले का कधी?"

"म्हणजे तुला आठवत होतं?" योगेशचा आवाज चढला. "चंदनपुरी, वणी, शिर्डी, त्र्यंबक! मी बारा दिवस वणवण करतोय, आणि तुला ठाऊक होतं?"

"म्हनलं, एखादा तरी देव मधी पडंल," मालनबाई म्हणाल्या. "म्हनंल, जाऊ दे मालन, मिटलं तुजं. पन एक बी बोलंना."

दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये योगेशने चार वेळा घसा खाकरला. स्वतःलाच कुणाच्या घरी जेवायला बोलावून घ्यायचं कसं, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी त्याने सगळं सांगून टाकलं. धम्मपाल हसेल असं त्याला वाटलं होतं. धम्मपाल हसला नाही. तो बाहेर जाऊन रोहिणीला फोन करून आला.

"संध्याकाळी या म्हणतेय. पण नवस फेडायला येणार असाल तर नको. आमच्यात ते चालत नाही. ओटी, नारळ काही आणायचं नाही. जेवायला येणार असाल तर या."

उज्वलाने आणलेला खण परत कपाटात गेला. मालनबाईंनी लग्नकार्याला नेसायची येवल्याची पैठणी काढायला लावली. जिना उतरायला त्यांना दहा मिनिटं लागली, पुढची बिल्डिंग गाठायला आणखी दहा. बावीस वर्षं लागली होती तिथं वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही.

रोहिणीच्या घरात भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, खाली टेबलावर पाच ताटं. मालनबाई दारात थबकल्या. "नवस म्हनून नको म्हनलीस म्हनं."

"देव करू नका मला, काकू. मी ड्युटी केली." रोहिणी पुढे आली. "पण त्या दिवशी डबा झाकताना वाईट वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?"

"चुकलं माजं," मालनबाई म्हणाल्या. शुभांगीने आजीला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

रोहिणीने त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. ताटात दुधीची भाजी, मुगाचं वरण आणि अर्धी भाकरी. तेलाचा थेंब नाही. मालनबाईंनी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली आणि ताट पुढे केलं.

"अजून वाढ."

"बास. पित्ताशय आहे ते."

"मी पोटभर बोललेय!"

"अर्धीच मिळेल."

"मंग अर्धाच फिटंल की गं!"

"उरलेला ऑपरेशन झाल्यावर. सही करा आधी."

मालनबाईंनी उज्वलाकडे बघितलं, योगेशकडे बघितलं. कुणीच मदतीला येईना. "करते बाई मंग, कुठं करायची सही," त्या म्हणाल्या, आणि योगेशने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की सगळ्यांनी वळून पाहिलं.

पाहुण्यांना अवघड वाटू नये म्हणून रोहिणीने टेबलावर दुकानातली सीलबंद पाण्याची बाटली ठेवली होती. मालनबाईंनी ती हाताने बाजूला सारली. "ही कशापायी? मला तुज्या तांब्यातलं दे."

रोहिणीने तांब्या उचलून दिला. मालनबाई घटाघटा पाणी प्यायल्या, हनुवटीवरून पैठणीवर सांडेपर्यंत प्यायल्या. नेमक्या त्याच वेळी कर्र असा आवाज झाला. आधुनिक विचारांच्या योगेशने बोलता बोलता बाटली आपल्याकडे ओढून झाकण उघडलं होतं आणि तोंडाला लावली होती. आपण हे का केलं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

धम्मपालने एकोणीस वर्षं शेजारी बसलेल्या योगेशच्या पाठीवर हात ठेवला.

"पी रे, पी. तू कुठं काय बोललायस?"

मालनबाई हसल्या, मग रोहिणी हसली, मग सगळेच. योगेशही हसायला गेला, पण तोंडातला घोट काही केल्या खाली उतरेना.