सकूबाईची खात्री

गेल्या सोमवारी, सकाळी ठीक सव्वानऊ वाजता, माझी डावी चप्पल नाहीशी झाली. उजवी जागेवर होती. चोर एकच चप्पल नेत नाही. म्हणून संशय सकूबाईवर गेला, आणि तो खरा ठरला.

अर्जुनी मोरगावच्या आमच्या वृद्धाश्रमात ती सेविका आहे. तिचा कशावरच विश्वास नाही. अंघोळीच्या पाण्यात आधी स्वतःचे कोपर बुडवते, खुर्चीवर आधी स्वतः बसते, आणि कोणी परस्पर उठू नये म्हणून प्रत्येकाची एक चप्पल लपवते.

"दोन चपला असल्या का म्हातारा मालक होते जी. एक असली का हाक मारते."

मी व्यवस्थापकांकडे तक्रार करू लागलो, इतक्यात गोंदियाहून एक तरुण बाई आल्या. सेविकांचा आत्मविश्वास मोजायला. एक ते पाच गुण, सेविकेने स्वतःच स्वतःला द्यायचे. मला हा प्रकार संशयास्पद वाटला. व्यवस्थापकांनी आधीच बजावले होते, "जिसके नंबर कम, वो सीधी रसोई में."

इतर सेविकांनी धडाधड पाच सांगितले. त्यांपैकी एकीने याच आत्मविश्वासाने मला न्हाणीघरात आदळले होते.

"वृद्धांना उठवताना किती खात्री वाटते?"

"एक," सकूबाई म्हणाली.

"औषध देताना?"

"एक. गोळी गालात लपवतेत हे. लबाड जात."

"इतकी वर्षे काम करता, तरी एकच?"

"म्हणून तं एक, मॅडम. पयल्या वर्षी मी पाच होती."

शेवटचा प्रश्न वेगळा होता. तुमच्या म्हातारपणी तुम्हाला कोणी सांभाळील, याची किती खात्री?

सकूबाईने कोरडेच हात पदराला पुसले. मग हसून म्हणाली, "याच्यात शून्य नाही काय जी?"

शून्य नव्हते. बाईंनी पेन खाली ठेवले.

मी भिंत धरत व्यवस्थापकांकडे गेलो. सांगितले, "सकूबाई स्वयंपाकघरात गेली, तर मला उचलायला कोणीही येऊ नये."

"पण बाबाजी, तिची तक्रार तर तुम्हीच करून राहिले होते!"

"तक्रार कायम आहे. बदली नको."

ते माझ्या अनवाणी पायाकडे पाहत राहिले. "ठीक है, रहने दो," म्हणाले.

माझ्या पायांची नखे फार वाढली होती. वाकता येत नाही, हे मी आश्रमात कोणालाही कळू दिले नव्हते. संध्याकाळी पाय कोमट पाण्यात भिजवले आणि नेलकटर सकूबाईच्या हातात दिले.