तेलाची विनापरवाना वाढ

सोमवारी सकाळी कार्यालयाच्या जुन्या मोटारीचं बॉनेट उघडून मामांनी तेलाची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवून ओढली आणि त्यांचा चेहरा उतरला. तेलाऐवजी पट्टीवर दुधाळ कॉफी लागली होती. शिवाय ती वरच्या खुणेच्या बोटभर वर चढली होती आणि रेडिएटरमधलं कूलंट तळाला गेलं होतं. बावीस वर्षं चालकाची नोकरी केलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. निवृत्तीला दोन महिने उरले होते, सेवापुस्तिका ठपक्यांच्या बाबतीत कोरी करकरीत होती. मामा तडक हेडक्लार्क बाईंकडे गेले.

“मॅडम, हेड गेलंय.”

“मी इथेच आहे की!”

“तुम्ही नाही हो, हेड गॅस्केट. कूलंट तेलात उतरतंय. गाडी अशीच चालवली तर इंजिन बसेल.”

बाईंनी नमुना क्रमांक सात काढला. त्यात दोनच रकाने होते: ‘तेल कमी’ आणि ‘तेल ठीक’.

“कमी आहे का?”

“कमी नाही, जास्त आहे. तीच तर बोंब आहे.”

“मग ठीकच की!” बाईंनी खूण केली.

बुधवारी मामांना प्रशस्तिपत्र मिळालं. विभागातल्या बाकी गाड्या तेल खात होत्या. तेल वाढवणारी ही एकटीच. इतर चालक गालातल्या गालात हसले, कारण त्यांना सगळं कळत होतं. आणि त्यांनी टाळ्याही वाजवल्या, कारण ते नोकरीत होते.

गुरुवारी भांडारपालाने मामांना बोलावून घेतलं. “तीन लिटर कूलंट कुठे गेलं?”

“तेलात.”

“कुणाच्या मंजुरीने? शीतकरणाचा माल वंगणात परस्पर वळवता येत नाही.”

“मी नाही वळवला. गॅस्केटने वळवला.”

भांडारपालाने पेन उघडलं. “गॅस्केट कायम आहे की कंत्राटी?”

संध्याकाळी मामांनी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही खरं बोललात की चौकशी, दुसऱ्याने खोटं लिहिलं की प्रशस्तिपत्र. आता दोन महिने घसा बसलाय म्हणून सांगा.”

पण मामांना राहवेना. शुक्रवारी त्यांनी मोठ्या साहेबांपुढे किल्ली ठेवली. “साहेब, गाडी बाहेर काढू नये.”

“प्रशस्तिपत्र मिळालेली गाडी नादुरुस्त कशी असेल? विभागाचा अपमान होतो, मामा. चला. ‘यंत्रांची निगा’ या विषयावर भाषण आहे माझं.”

मुख्य चौकात गाडीने पांढरा धूर सोडला, आतून खडखडली आणि थांबली, ती थांबलीच. मामांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. साहेब उतरले नाहीत. चार लोक जमले, मग चौदा. कुणीतरी “जोर लावा!” म्हणालं. गाडी सभागृहाच्या दारात वेळेवर पोहोचली आणि साहेबांनी काचेतून हात हलवला.

गाडी चौकात बंद पडल्याबद्दल नेमलेल्या चौकशी समितीने बॉनेट उघडलं नाही. ते कार्यकक्षेत नव्हतं. मामांनी जबाबात मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘इंजिन बसलं आहे.’

अध्यक्षांनी चष्मा पुसून ते वाचलं. “बसलंय ना? म्हणजे जागेवरच आहे. उभं राहिलं असतं तर प्रश्न होता.”

मामांना हसू आलं. त्या आठवड्यातलं पहिलंच. मग त्यांनी ‘इंजिन जागेवर आहे’ या नोंदीखाली सही केली आणि नंतर त्या सहीकडे बराच वेळ बघत बसले.

अहवाल आला: नमुना सातप्रमाणे तेल ठीक. गाडी वेळेत पोहोचली, अर्थात चालू आहे. पेट्रोलचा वापर शून्य. ‘लोकसहभागातून चालणारे वाहन’ असा नवा प्रवर्ग निर्माण करून आणखी बारा मोटारी त्यात घ्याव्यात.

मामा निवृत्त झाले, सेवापुस्तिका कोरीच राहिली. मोटारी मात्र रोज निघतात. चौकात अडल्या की लोक आपणहून पुढे होतात. परवा तुम्हीही झालात. ‘या व्यवस्थेचं काही खरं नाही’ असं पुटपुटत का होईना, दोन्ही हात लावलेत. समितीने तुमचं पुटपुटणं नोंदवलेलं नाही. हात मात्र दोन्ही हिशेबात धरले आहेत.