सरासरीच्या खालची आत्या

माणसाला चांगलं वागायला लावण्याचे दोनच मार्ग आजवर सापडले आहेत : बक्षीस आणि सोय. (तिसरा मार्ग, म्हणजे आपणहून चांगलं वागणं; त्याचा प्रयोग काही घरांत झाल्याचं ऐकिवात आहे, पण निष्कर्ष उपलब्ध नाहीत.)

हे ओळखूनच आमच्या पालिकेने ‘घरोघरी पुनर्वापर प्रोत्साहन योजना’ आणली. प्रत्येक घराला एक निळी पेटी. तिच्यात पुठ्ठा, काच, पत्रा, प्लास्टिक टाकायचं. गाडी दाराशी येते, पेटीचं वजन होतं, घराला गुण मिळतात. नागरिकाने फक्त टाकायचं, आणि टाकण्याच्या बाबतीत आमच्या इमारतीचा हात धरणारं कोणी नाही. ज्या इमारतीची घरटी सरासरी सर्वांत जास्त, तिला पालिकेतर्फे नवी लिफ्ट.

आमची जुनी लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये कायमची विसावली होती. (दोन्ही मजले तिच्यावर हक्क सांगत.) तेव्हा ताबडतोब समिती नेमली गेली आणि तिचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं. मी ते पडू दिलं.

पहिल्या महिन्यात निकाल निराशाजनक होता, कारण लोक लागेल तेवढंच आणत होते. ही सवय मोडायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी टूथपेस्टच्या नळ्या रिकाम्या करून खोकी वेगळी आणि नळ्या वेगळ्या टाकायला सुरुवात केली. प्राध्यापकांच्या घरी प्रत्येक बिस्किट स्वतंत्र वेष्टनात येऊ लागलं. पेटीतल्या बाटल्या धुतलेल्या असाव्यात असा नियम असल्याने टाक्या दुपारपर्यंत कोरड्या पडत, मग सगळे बाटलीबंद पाणी मागवत, आणि त्या बाटल्या पुन्हा धुवाव्या लागत. आमचा कचरा एकशे चाळीस टक्क्यांनी वाढला. याबद्दल पालिकेने आम्हाला पर्यावरणमित्र प्रशस्तिपत्र दिलं. ते जाड पुठ्ठ्यावर होतं. दंतवैद्यांनी ते वाचायच्या आत पेटीत टाकलं.

तरीही सरासरी अडत होती, आणि ती चौथ्या मजल्यावर अडत होती. तिथे आत्या एकटी राहत असे. (माझी सख्खी. मला अंगाखांद्यावर खेळवलेली. अध्यक्ष या नात्याने मी हे नातं बाजूला ठेवलं होतं.) आत्या निवृत्त परिचारिका. तिची पेटी दर वेळी रिकामी. भाजी ती गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सुटी वर ओढून घेई. बरणी धुऊन डाळ भरी, खोक्यात बटणं ठेवी, वेष्टनाचा कागद इस्त्री करून कपाटाच्या फळीवर अंथरी. इतका उघड असहकार आम्ही कुठे पाहिला नव्हता.

घोटाळा असा, की गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून आत्या खाली उतरलेली नव्हती. समोरच्या बागेतल्या बाकावर तिची जुनी मैत्रीण रोज संध्याकाळी येऊन बसे आणि वर बघून हात हलवी, आत्याही हलवी. त्या बाकापर्यंत एकदा जायचं, एवढंच तिच्या मनात होतं. म्हणजे लिफ्टची खरी गरज तिलाच होती, आणि लिफ्ट अडवून बसली होती तीच.

समितीने आधी सबुरीने घेतलं. दोरीच्या पिशवीवर बंदी घातली. मग प्रत्येक घराने तिला खोक्यात घातलेलं काहीतरी भेट दिलं. आत्याने सगळ्यांचे आभार मानले आणि खोक्यांत कोथिंबीर लावली.

मी स्वतः समजवायला गेलो.

“आत्या, टाक गं काहीतरी. लोक माझ्या नावाने शंख करतायत.”

“अरे, पण टाकू काय? सगळं लागतंय की मला.”

“लिफ्ट येईल. मैत्रिणीला भेटशील.”

“मग तीन बरण्या घेऊन जा,” ती म्हणाली, आणि त्या पुसता पुसता थांबली. “दोनच ने. एकीत लोणचं आहे रे.”

दोन बरण्यांनी सरासरी हलत नाही. हिशेब सरळ होता : कचरा वाढत नसेल, तर घर कमी करायचं. ठराव एकमताने झाला. (आत्याला बैठकीला उतरता आलं नाही.) शहराच्या दुसऱ्या टोकाला माझ्या चुलतभावाचं तळमजल्याचं घर आहे, तिथे तिची सोय लावली. आम्ही चौघांनी तिला खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणलं. फाटकाशी ती म्हणाली, “जरा बाकापाशी थांबवता का?” पण सकाळची वेळ, बाक रिकामा होता, आणि टॅक्सी खोळंबली होती. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण ते लिहायला ठरावात जागा नव्हती.

महिन्याभरात लिफ्ट आली. तिच्या वेष्टनाचे गुणही आम्हालाच मिळाले. संध्याकाळी बाकावरच्या बाईंनी मला थांबवून विचारलं, ती कुठे दिसत नाही. मी त्यांना सरासरी समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मग आता लिफ्ट कोणासाठी?”

प्रश्न लेखी द्यावा, असं मी सुचवलं.

योजनेचा दुसरा टप्पा आता शहरभर लागू झाला आहे आणि माझी नेमणूक जिल्हा पातळीवर झाली आहे. सरासरीचा एक गुण असा, की एक घर काढलं की तिच्याखाली लगेच दुसरं सापडतं. आमच्या पाहणीनुसार आत्यानंतर सर्वांत कमी कचरा वाचकांच्या घरांतून निघतो : पुस्तक घेतात, वाचतात, आणि वाचून झालं तरी ठेवून देतात. तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे हा कागद अजून पेटीबाहेर आहे, आणि आत्याबद्दल तुम्हाला हळहळही वाटते आहे. हळहळीचं वजन होत नाही. आम्ही रविवारी येतो आहोत. तुमच्या घराला जिना असेल, तर एक भक्कम खुर्ची काढून ठेवा.