पायरीजवळची भाजी

रघूकाका गवत उपटण्याआधी ते चाखून बघत. आमच्या बेटावरच्या क्युरपिप गावी पाऊस पिठासारखा भुरभुरतो आणि आठ-आठ दिवस थांबायचं नाव घेत नाही. तो जरा ओसरला की शेजारच्या परसात एक काळी छत्री उघडायची. तिच्याखाली पालथ्या डब्यावर काका. अंगात कोट, डोक्यावर हॅट, पाय अनवाणी. नवं रोपटं दिसलं की एक पान खुडून दाढेखाली धरायचं, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा.

"कुणालाही हाकलायच्या आधी दोन शब्द बोलावेत रे शिवा," ते मला म्हणत.

एकदा असल्याच एका पानाने त्यांचे ओठ सुजले. दोन दिवस तोंड नीट उघडेना. त्या दोन दिवसांत त्यांची क्रिओल बोली अगदी साहेबी फ्रेंच वाटत होती, असं पलीकडची मावशी सांगत असे. काकांनी ते रोप उपटलं नाही. त्याला 'इन्स्पेक्टर' नाव दिलं आणि त्याला वळसा घालून चालू लागले.

कोबीवर मात्र त्यांची दया नव्हती. "कोबी पगारी माणूस. त्याला खत मिळतं, पाणी मिळतं. त्याने पावसाची तक्रार करू नये." वाफ्यात पाणी साचलं की कोबीला रागवायचे आणि छत्री धरायचे घोळीच्या वेलावर.

एका सकाळी त्यांनी मला शेजारी बसवलं. दोन हात जागा होती. वरवर बघणाऱ्याला तिथे चिखल आणि हिरवट काहीतरीच दिसलं असतं. काकांचं बोट हळूहळू फिरलं. हा केना, ही आंबुशी, ही घोळ, हा रानमाठ. हे भाजून, ते ताकात, हे फक्त कोवळं असताना. आठ दिवसांच्या पावसाने, कुणी न पेरता, एका घराचं आठवड्याचं जेवण तिथे वाढून ठेवलं होतं. मी गप्प झालो. देवळात होतो तसा.

गप्प होण्याचं दुसरंही एक कारण होतं. ही सगळी रोपं मी ओळखत होतो. माझी आई मळेवाल्याच्या उसात गवत काढायची आणि शाळेच्या सुट्टीत मीही तिच्याबरोबर ओळीत बसायचो. "मूळ राहिलं तर काम राहिलं," ती म्हणायची. मग मला सरकारी नोकरी लागली, टाय आला, आणि क्युरपिपमध्ये मी हे कुणाला सांगितलं नाही.

गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून बायका परसात आपसूक उगवलेल्या पाल्याची भाजी करतात. काका विधुर, पण हे बायकांचं व्रत ते स्वतः पाळत. गल्लीतल्या बायका हसत.

"रघूभावजी, पुढच्या वर्षी हळदीकुंकवालाही या."

"बोलवा की. पण मग ब्रेद कोण देणार तुम्हाला?"

ब्रेद म्हणजे आमच्याकडची पालेभाजी. ती सगळ्यांना काकांच्याच परसातून जायची. फक्त त्यांच्या दाराच्या पायरीजवळ माठ उगवायचा, तो ते कुणाला देत नसत. हात पुढे गेला की म्हणत, "आतान, आतान. थांब. ती नाही." त्या माठाची भाजी त्या एका दिवशी, त्यांच्या एकट्याच्या पातेल्यात.

क्युरपिपला अजून आगगाडी यायची तेव्हाची गोष्ट. चवथीच्या आधी काकांची बहीण आजारी पडली. ते तिच्या गावी, रिव्हिएर दू रांपारला गेले. जाताना म्हणाले, "परसाकडे लक्ष ठेव. म्हणजे नुसतं बघ."

त्याच वेळी आमचे मोठे साहेब म्हणाले की ते रोझ हिलहून आमचा गणपती बघायला येणार. आमच्या दाराकडे यायची वाट काकांच्या पायरीवरून. पाऊस लागून राहिलेला, तिथे गुडघाभर गवत. मला त्या गवतात साहेबांचे बूट दिसेनात. आईचे पाय दिसू लागले.

रविवारी दुपारी बायको माहेरी गेली होती. मी बाही वर केली आणि पायरीपासून सगळं, माठासकट, साफ केलं. तासाभरात. एक मूळ राहू दिलं नाही. हे मी बायकोलासुद्धा आजवर सांगितलेलं नाही.

चवथीच्या सकाळी साहेब आले, दोन मोदक खाल्ले, गाडीची वेळ बघितली आणि गेले. पायरीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

काका चवथीच्या संध्याकाळी परतले. पिशवी हातातच धरून पायरीशी उभे राहिले.

"बकरी शिरली होती, काका," मी म्हणालो. "कुणाची ते कळलं नाही."

त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ते रिकामी वाटी घेऊन आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आले. बायको चकित झाली. "काका, तुम्ही भाजी मागताय?"

"यंदा माझी नाही पोरी." मग म्हणाले, "आमची सुंदरा उसात गवत काढायला जायची. संध्याकाळी पायरीशी लुगड्याचा काठ झटकल्याशिवाय आत यायची नाही. चिखल, गवताचं बी, सगळं तिथेच. मी ऊस तोलायच्या काट्यावरचा कारकून. ओरडायचो, घाण दाराशी कशाला? ती गेली त्या वर्षी पाऊस झाला आणि पायरीजवळ माठ आला. मी पेरला नव्हता."

मी आतल्या खोलीत टाय बांधत होतो. गाठ काही जमली नाही. बाहेर जाऊन सांगावं असं वाटलं, आणि मी कपाटाचं दार उघडून उगाच आत बघत राहिलो.

पुढचं वर्षभर ते मला पूर्वीसारखेच पान चाखायला देत. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळत असे.

पुन्हा चवथीचे दिवस आले. एका भुरभुरत्या सकाळी त्यांनी हाक मारली. पायरीच्या दोन दगडांमधल्या फटीत माठाची दोन रोपं उभी होती, बोटाएवढी. काका डब्यावर बसले होते.

"फटीत दाणा राहिला होता," ते म्हणाले. एक पान खुडून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. मला ते तोंडात घालवेना.

"शिवा, बकरी पान खाते. मूळ ठेवते. इथे एक मूळ राहिलं नव्हतं." ते रोपांकडे बघत होते. "असं काम मी आयुष्यात एकाच बाईच्या हातचं बघितलं. तुला कुणी शिकवलं?"

पाऊस थोडा वाढला.

"आईनं," मी म्हणालो. "उसात."

काका डब्यावर थोडे सरकले, मला बसायला जागा केली आणि छत्री माझ्या डोक्यावर धरली. त्यांचा डावा खांदा भिजत राहिला.